पिल्लांवरची मरळ उचलू नका, राजेहो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र गरी टाकणाऱ्यांबद्दल आहे, म्हणजे आपल्या नागपुरात रविवारी सकाळी रॉड घेऊन तळ्यावर जाणारी जी हौशी मंडळी आहे ना, माझ्यासकट, त्यांच्याबद्दल. पोटासाठी जाळं टाकणाऱ्या ढिवर-भोई बांधवांबद्दल नाही हे आधीच सांगतो, त्यांच्याकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही आणि तसं मनातही नाही. मी चाळीसेक वर्षं गरी टाकतोय, बँकेतून रिटायर झाल्यापासून जरा जास्तच. मागच्या पावसाळ्यात एक गोष्ट पाहिली ती तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलो, पत्र लांब झालं तर सांभाळून घ्या.

पोळ्याच्या आधीचा रविवार होता. उमरेड रोडकडचं एक तळं, नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव छापून आलं की पुढच्या रविवारी तिथे पन्नास गाड्या लागतील. रात्रभर पडून पाऊस उघडला होता, पाणी गढूळ, काठाला बेशरम आणि गवत माजलेलं. तिथे तीन पोट्टे होते, वीस-बावीसचे असतील, रॉड चांगले, रीळ चांगले, ऑनलाइन मागवलेले रबराचे बेडूक. एकानं मला हळूच हाक मारली, "काका, इकडे या, पिल्लं दाखवतो."

काठापासून दहा-बारा फुटांवर पाणी बारीक बारीक थरथरत होतं, चहाचं आधण उकळायच्या आधी थरथरतं ना, तसं. वाकून पाहिलं तर खाली तांबडा गोळा, जेवायच्या ताटाएवढा, हळूहळू सरकत होता. एकेक पिल्लू तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडंसं मोठं, अशी शेकड्यांनी, सगळी एकमेकांना चिकटून. मरळीची पिल्लं. मरळ हवेतूनही श्वास घेते, पिल्लंसुद्धा जरा मोठी झाली की हवेसाठी सारखी वर येतात म्हणून पाणी असं दिसतं, आणि त्यांच्या खाली कुठेतरी आई नाहीतर बाप, कधी दोघंही, पहाऱ्यावर असतात. बाकीचे बहुतेक मासे अंडी घालून निघून जातात, मरळ नाही जात, ती पिल्लं सांभाळते.

पोरानं बेडूक त्या गोळ्याच्या पलीकडे टाकला आणि पिल्लांच्या मधून ओढत आणला. पहिल्या वेळी फक्त पाणी फुगलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तसाच ओढला आणि धप्पकन आवाज आला, रॉड वाकला, दोन मिनिटांत दीड किलोची मरळ गवतात तडफडत होती. फोटो झाले, पोत्यात गेली, पोट्टे खूश. पण तिनं तो बेडूक भुकेनं धरला नव्हता हो. पिल्लांवर कोणीतरी चालून आलंय असं समजून ती अंगावर धावून गेली होती.

मी तिथेच एका दगडावर बसून राहिलो. तो तांबडा गोळा तिथल्या तिथे फिरत होता, लांब जात नव्हता. अर्ध्या तासानं बाजूनं चिलापी यायला लागल्या, एकेक घास घेऊन परत जायच्या, मग खंड्या बेशरमच्या काडीवर येऊन बसला, मग एक बगळा. तासाभरात ताटाएवढा गोळा वाटीएवढा झाला आणि मग फुटून चार जागी पसरला. मी उठून घरी आलो.

पोरांना मी काहीच बोललो नाही. त्यांच्या वयाचा असताना मी अंबाझरीच्या मागच्या अंगाला हेच केलेलं आहे, तेही जिवंत बेडकी गरीला लावून, आणि एकदा नाही. तेव्हा एका म्हाताऱ्या ढिवर काकांनी मला पाहिलं होतं, ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "पिलावरची मरळ उचलली का तळं एक साल मांग जाते पोरा." मला ते तेव्हा कळलं नाही. कळलं ते थेट २०२३ मध्ये आणि तेही साता समुद्रापार, एका वेगळ्याच माशामुळे, तो मासा म्हणजे सॅल्मन. (आपल्याकडे हॉटेलात इंडियन सॅल्मन म्हणून देतात तो रावस, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

मुलगी अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ रेंटन म्हणून गाव आहे तिथे राहते. २०२३ च्या ऑगस्टपासून तीन महिने आम्ही दोघं तिच्याकडे होतो. तिला माझी आवड माहीत, म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबर वर्षी आलात, यंदा पिंकचं वर्ष आहे." पॅसिफिकमध्ये तिकडे सॅल्मनच्या पाच जाती, चिनूक, कोहो, सॉकआय, चम आणि पिंक. त्यातल्या पिंकचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं, आणि सिअ‍ॅटलच्या समुद्रात, ज्याला प्युजेट साउंड म्हणतात, तिथे ते मुख्यतः विषम साली येतात, २०२१, २०२३, २०२५ असे. येतात म्हणजे हजारोंनी येतात, काठाला इतके जवळून जातात की बोट लागत नाही, गोट्यांच्या किनाऱ्यावर उभं राहून गरी टाकता येते. मी दुकानात जाऊन तीन दिवसांचं लायसन काढलं, सोबत एक कार्ड मिळालं, मासा ठेवला की लगेच तिथल्या तिथे पेनानं त्यात लिहायचं, घरी जाऊन नाही.

वेस्ट सिअ‍ॅटलला लिंकन पार्क आहे, समोरून मोठमोठ्या फेरी बोटी जातात, तिथे पहाटे पाचला पन्नास-साठ माणसं गुडघाभर पाण्यात एका ओळीत उभी. थंडी अशी की आपल्या डिसेंबरातली गोरेवाड्याची सकाळ आठवावी. आणि जिकडे पाहावं तिकडे गुलाबी, सगळ्यांच्या दोरीला गुलाबी तुकडा. शेजारी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते त्यांनी माझा डबा उघडायला लावला, माझे आपले नागपूरहून नेलेले चमचे (चमच्यासारखं धातूचं आमिष) आणि तीन तोंडी गऱ्या बघून मान हलवली आणि स्वतःच्या डब्यातून एक बझ बॉम्ब काढून दिला. बझ बॉम्ब म्हणजे शंकरपाळ्यासारखा लांबट धातूचा तुकडा, मधून आरपार भोक, दोरी त्यातून जाते आणि गरी खाली वेगळी बांधलेली. लांब फेकायचा, बुडू द्यायचा, रॉड वर उचलायचा आणि परत पडू द्यायचा. पडताना तो गिरक्या घेत थरथरतो आणि मासा धरतो तो बहुतेक वेळा या पडण्यातच. मी दोन तास नुसता ओढत होतो, आपल्याकडे स्पिनर ओढतो तसा, आणि आजूबाजूला लोक मासे काढत होते. ते म्हणाले, ओढू नका, पडू द्या. पडू दिला आणि तिसऱ्या फेकीला रॉड वाकला.

लुअर, म्हणजे खोटं आमिष, निवडायचं म्हणजे नुसतं महागडं घ्यायचं असं मला वाटायचं, तसं नसतं हे त्या माणसाजवळ उभं राहून शिकलो. समुद्रात पिंक सॅल्मन बारीक कोळंबीसारखे जीव खातो, त्यांचा रंग गुलाबीकडे झुकणारा, म्हणून गुलाबी चालतं असं तिकडचे लोक म्हणतात. पण लाल-गुलाबी रंग पाण्यात सगळ्यात आधी दिसेनासा होतो, थोड्याच खोलीत तो काळपट होऊन जातो, हिरवा-निळा जास्त खोल टिकतो, म्हणून काठाजवळच्या उथळ पाण्यात गुलाबी आणि खोल फेकायचं असेल तर हिरवा किंवा चांदी. पाणी स्वच्छ आणि ऊन असलं की छोटं आणि कमी चमकणारं, ढग असले किंवा पाणी गढूळ असलं की मोठं पातं, जास्त थरथर, कारण मासा नुसता डोळ्यानं बघत नाही, अंगावरच्या रेषेनं पाण्याची हालचाल ओळखतो. वजन वाऱ्याकडे आणि लांबीकडे बघून ठरवायचं, तिकडे किनाऱ्यावरून तीस ते पन्नास ग्रॅम सहज वापरतात. हे सगळं आपल्या मरळीला आणि वामीलाही लागू आहे हो, फक्त वजन निम्म्याहून कमी करा.

पण मला खरं शिकवलं ते गरीनं. तिथे समुद्रात सॅल्मनसाठी एकेरी आणि बार्बलेस गरीच लागते, म्हणजे टोकाच्या आतल्या अंगाला जो उलटा काटा असतो तो नसलेली. नसेल मिळत तर पकडीनं तो काटा दाबून सपाट करायचा, पाच सेकंदांचं काम. मला वाटलं मासे सुटतील. सुटले काही, खोटं कशाला बोलू. पण दोरी ताठ ठेवली की नाही सुटत, आणि जो मासा सोडायचाच आहे त्याच्यासाठी त्या काट्याचं नसणं म्हणजे जीवदान असतं हे मी माझ्या हातानं पाहिलंय.

तिसऱ्या दिवशी मला कोहो लागला. पिंकपेक्षा मोठा, चांदीच्या ताटासारखा चकचकीत, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर मासा. मी त्याला काठावर ओढायला निघालो तर ते गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, थांबा, पाण्यातच राहू द्या, आधी पाठ बघा. सॅल्मनच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटासा मांसल पर असतो. हॅचरीतून, म्हणजे माशांची पिल्लं तयार करायच्या केंद्रातून, सोडलेली जी पिल्लं असतात त्यातल्या बहुतेकांचा तो पर लहानपणीच कापून ठेवतात, म्हणजे मोठा होऊन परत आला की गरीवाल्याला ओळखता यावं. पर कापलेला असेल तर हॅचरीचा, ठेवा. पर शाबूत असेल तर तो बहुधा नदीत आपला आपण जन्मलेला, रानातला, तो सोडून द्यावा असं ते म्हणाले. माझ्या कोहोचा पर शाबूत होता. हिरड्या पांढऱ्या, काळे ठिपके शेपटीच्या फक्त वरच्या भागावर, कोहो ओळखायची खूण त्यांनी तिथेच दाखवली. (चिनूक असता तर हिरड्या काळ्या आणि ठिपके शेपटीभर. तिकडे माणसाला मासा ओळखता आलाच पाहिजे, नाही ओळखता आला तर सोडायचा, सरळ हिशोब.) मी हात ओले केले, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगापासून वाचवतो, पकडीनं गरीची दांडी धरून उलटी फिरवली आणि ती अशी निघाली जशी लोण्यातून सुई. मासा एक क्षण माझ्या दोन्ही हातांमध्ये उभा होता, कल्ले उघडत-मिटत, मग शेपटीचा एक फटका आणि गेला. फोटो नाही काढला. मला अजून त्या फटक्याचं पाणी तोंडावर जाणवतं.

त्याच सकाळी चार माणसं सोडून एकाच्या गरीला मासा पोटाकडून अडकून आला, चांगला तीन-चार पौंडाचा, त्यानं बघितलं आणि काही न बोलता सोडून दिला. तोंडात लागलेला नाही म्हणजे तो तुमचा नाही. मला आपल्याकडची आठवण झाली. आपल्याकडे काही लोक तीन-चार मोठ्या गऱ्या पाठीला पाठ लावून बांधतात आणि माशांच्या घोळक्यातून जोरात झटके मारत ओढतात, जो अडकेल तो अडकेल, पोटात, डोळ्यात, शेपटीत. एक निघतो आणि पाच फाटून परत जातात. त्याला गरी टाकणं म्हणू नका राजेहो, तो माशावर टाकलेला दरोडा आहे.

मग सप्टेंबर संपता संपता मुलीनं मला सीडर नदीवर नेलं, तिच्या घराजवळूनच वाहते. गरी नाही न्यायची, नुसतं बघायचं म्हणाली. ते दिवस माझ्या पक्के लक्षात आहेत कारण २३ सप्टेंबरला अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नागपुरात पूर आला होता, सारखे घरून फोन, व्हिडिओ, जीव सगळा इकडे, आणि डोळ्यासमोर ती शांत उथळ नदी. गुडघाभर पाण्यात लालभडक सॉकआय, डोकं हिरवं, अंग लाल, कुठे कातडी सोललेली, शेपटीच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. मादी आडवी होऊन शेपटीनं गोटे उडवत खड्डा करत होती, नर बाजूला उभा, दुसरा नर आला की अंगावर धावून जात होता. नदीत शिरल्यापासून त्यांनी काही खाल्लेलं नसतं, पोट आकसून गेलेलं असतं, साठवलेल्या चरबीवर एवढा प्रवास. अंडी घातली की काही दिवसांत दोघंही मरतात, पॅसिफिकचे हे पाचही सॅल्मन असेच, एकदाच अंडी आणि मग मरण. त्यांची शरीरं नदीतच कुजतात, अस्वलं-पक्षी ओढून जंगलात नेतात, त्याच खतावर काठची झाडं वाढतात आणि पाण्यातल्या किड्यांना खाणं मिळतं, पुढच्या पिल्लांना ते किडे.

मी मुलीला विचारलं, इथे लुअर टाकलं तर धरेल का? ती म्हणाली, धरेल बाबा, म्हणूनच टाकायचं नाही. खड्ड्यावर बसलेला मासा भुकेनं नाही धरत, जागा राखायला धरतो, आणि चांगला गरीवाला अशा माशावर गरी टाकत नाही, त्या गोट्यांवर पायसुद्धा देत नाही कारण खाली अंडी असतात. तिथे उभा असताना मला ते ढिवर काका आठवले. पिलावरची मरळ. तीच गोष्ट, शब्दाला शब्द. चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच माणसानं आपल्याच भाषेत सांगितलेलं मला कळायला अमेरिकेतली नदी लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि तिकडे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. प्युजेट साउंडच्या चिनूकला १९९९ मध्येच धोक्यातली जात म्हणून कायद्याखाली घ्यावं लागलं, धरणं बांधली, जंगलं कापली, नद्या सरळ केल्या, त्याचं फळ. एल्वा नदीवरची दोन धरणं तर २०११ ते २०१४ मध्ये फोडून काढली, मासे परत वर जावेत म्हणून. बॅलार्डला बोटी वर-खाली न्यायचे पाण्याचे दरवाजे आहेत, लॉक्स म्हणतात, तिथे माशांसाठी एकवीस पायऱ्यांची शिडी केलीय, काचेतून चिनूक वर चढताना दिसतात, मी तिथे दोन तास उभा होतो, बायको शेवटी बाहेर जाऊन बसली. म्हणजे आधी घालवलं आणि मग शहाणे झाले. आपण घालवायच्या आधी शहाणे होऊ शकतो एवढंच मला म्हणायचंय.

कारण आपल्याकडेही हे सगळं आहे की. मृगाचा पाऊस पडला की नाल्यातून, ओढ्यातून पाण्याच्या उलट वर चढणारे मासे, चढणीचे मासे म्हणतो आपण, पोटात अंडी घेऊन चढतात. आपण काय करतो, पुलाखाली उभं राहून टोपलीनं, साडीनं, काठीनं उचलतो, पहिल्या पावसाची मजा म्हणून. समुद्रात आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, कोळी बांधव बोटी ओढून ठेवतात, पोटाला चिमटा काढून पाळतात. आणि आम्ही पगारी-पेन्शनवाले हौशी लोक तळ्यावर मृगाच्या दुसऱ्या दिवशी हजर. माझ्या चाळीस वर्षांत मला कोणी हटकलं नाही, मीही स्वतःला हटकलं नाही.

रोहू, कतला, मृगळ यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्याच पिट्युटरी ग्रंथीच्या रसाचं इंजेक्शन देऊन त्यांना तळ्यात अंडी घालायला लावली, तारीख १० जुलै, म्हणून त्या दिवशी आपण राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन करतो. तेव्हापासून आपल्या तलावात मच्छीमार सोसायट्या दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडतात, पैसे मोजून. म्हणजे रोहू-कतला हा आपला पर कापलेला मासा समजा, ज्यांचा तलाव आहे त्या सोसायटीची परवानगी घ्या, पैसे भरा आणि खुशाल धरा. पण मरळ बहुतेक तळ्यांत कोणी आणून सोडलेली नसते. ती त्या तळ्याचीच, आईबापानं पहारा देऊन वाढवलेली. तिचा पर शाबूत आहे. ती पिल्लांवर असताना उचलली तर एक मासा कमी होत नाही, अख्खा गोळा जातो, मी एका तासात जाताना पाहिला.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. मृगापासून पोळ्यापर्यंत मरळीवर गरी टाकू नका. पूर्ण नाही जमत? ठीक आहे, निदान पाणी थरथरताना दिसलं, तांबडा गोळा दिसला की तिथून रॉड उचला आणि पन्नास पावलं पुढे जा. आणि चुकून लागलीच पिल्लांवरची, तर तिथल्या तिथे सोडा, लगेच, जिथे धरली तिथेच, दुसऱ्या काठाला नेऊन नाही, म्हणजे ती पिल्लांकडे परत जाईल. मरळ हवेतून श्वास घेते त्यामुळे रोहूपेक्षा कणखर असते, पण म्हणून तिला गवतात लोळवून दहा फोटो काढायचे असं नाही.

हिवाळ्यात मात्र खुशाल धरा, मी पण धरतो आणि खातो, झणझणीत रस्सा आणि तांदळाची भाकर, कोणाला नको? तेव्हा लुअर नीट निवडा. मरळीला रबराचा बेडूक चांगला, दोन्ही गऱ्या वर वळलेल्या असतात म्हणून गवतात अडकत नाही, फक्त त्यांचे उलटे काटे दाबून टाका. उघड्या पाण्यात दहा-बारा ग्रॅमचा चमचा किंवा स्पिनर घ्या, तीन तोंडी गरी काढून एक एकेरी लावा, दुकानदार दहा रुपयांत लावून देईल. तीन तोंडी गरीनं माशाचं तोंड फाटतं आणि काढताना आपलं बोट पण, माझ्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. गांडूळ किंवा कणकेची गोळी मासा गिळतो, गरी पोटात जाते, लुअर बहुतेक वेळा ओठाला लागतं, म्हणून सोडायचा विचार असेल तर लुअरच वापरा. गरी खोल गेली असेल तर ओढू नका, दोरी तोंडाजवळ कापा आणि सोडा. उन्हाळ्यात मे महिन्यात पाणी गरम झालं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा रोहू-कतला खेळवून खेळवून सोडला तरी जगेलच असं नाही, त्या दिवसांत सोडायच्या नावाखाली धरूच नये असं माझं मत झालंय. आणि तुटलेली दोरी, तंगूस, खिशात घाला. दोन वर्षांपूर्वी एक पाणकावळा बाभळीला उलटा लटकलेला मी काठीनं सोडवलाय, पायाला तंगूस, चोचीत गरी. तो वाचला नाही.

मत्स्यव्यवसाय खात्याला आणि तलाव घेणाऱ्या सहकारी सोसायट्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मृगाआधी प्रत्येक तळ्याच्या पाळीवर मराठीत एक फलक लावा, त्यावर मरळीच्या पिल्लांच्या गोळ्याचं मोठं चित्र काढा, कारण कित्येक पोरांना ती पिल्लं आहेत एवढंच माहीत असतं, खाली आईबाप राखण करत आहेत हे माहीत नसतं. गरी-रॉडच्या दुकानदारांनी बार्बलेस गऱ्या ठेवाव्यात, मागणी नाही म्हणता तर मागणी आम्ही करतो. आणि तुमच्या पेपरनं पावसाच्या बातमीसोबत मृगाला चार ओळी छापल्या तर फार बरं होईल, आपल्याकडे पेपरात आलं की लोक ऐकतात अजून.

त्या तीन पोट्ट्यांपैकी एक मला हिवाळ्यात त्याच तळ्यावर पुन्हा भेटला. मी त्याला सगळं सांगितलं, सीडर नदी, पर, तासाभरात वाटीएवढा झालेला गोळा. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "काका, आम्हाला कोणी सांगतलंच नाही ना." आणि रॉड माझ्याकडे देऊन म्हणाला, दाबून द्या काटा. यंदा मृग लागला की मी दर रविवारी सकाळी सहा ते नऊ त्याच पाळीवर असेन, रॉड घरी ठेवून, पकड घेऊन. ज्याला गरीचा काटा दाबून हवा असेल त्यानं यावं, पिल्लांचा गोळा ओळखायचा असेल त्यानंही यावं, तो पोट्टा पण येणार आहे.

आपला,
एक जुना गरीवाला,
अंबाझरी, नागपूर